चुकीच्या अर्जाला लागलेल्या सह्या

चि. धाकटे बंधुराज यांस ताईचे पोटभर आशीर्वाद, आणि त्यात मिसळलेला थोडासा राग.

विषय : खुशाली कळवणे आणि मागवणे.
संदर्भ : तुझं अजून न आलेलं पत्र.

(विषय-संदर्भ बघून हसू नकोस. दिवसभर दुकानात लोकांचे अर्ज टाइप करून हाताला तेच वळण लागलंय. परवा आईसाठी चिठ्ठी लिहून ठेवली की दूध तापवून ठेव, आणि खाली ‘आपली विश्वासू’ असं लिहून सही केली. आईने ती चिठ्ठी जपून ठेवलीय, पुढच्या भांडणात काढायला.)

तब्येत कशी आहे? झोप लागते का? हाताची थरथर कमी झाली का? जेवण कसं आहे ते विचारत नाही, कारण तू वाईट आहे म्हणणार आणि मग आई माझं डोकं खाणार. महिनाभर फोन देत नाहीत म्हणून हा पत्राचा उद्योग. पत्रं आधी तुमचे समुपदेशक वाचतात असं कळलं. (साहेब, नमस्कार. आमच्या घरातलं काही वाचून हसू आलं तर खुशाल हसा, फक्त याला पत्र पूर्ण द्या. मधली पानं काढू नका, मी पानांवर आकडे घातलेत.) आम्ही दोघी ठीक. आईचे गुडघे बोलतात, कान बोलत नाहीत. नवीन कानयंत्र आणलं, पण ते ती डब्यात घालून कपाटात ठेवते, हरवू नये म्हणून.

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवं आणि माझा पाय अडखळतोय. आधी जरा दुसरंच सांगते. तू गेलास त्या दिवशी मी जिन्यात सांगून टाकलं की धाकटा लिफ्ट दुरुस्तीच्या ट्रेनिंगला गेलाय, लांब, नऊ तास बसने. एवढ्यावर भागलं असतं. पण आई. आई म्हणाली, नुसतं ट्रेनिंग काय, शिकाऊ असल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी तिने तुला सुपरवायझर केलं. तिसऱ्या दिवशी चाळीस मजली इमारत तुझ्या ताब्यात दिली. चौथ्या दिवशी तू बावन्नाव्या मजल्यावर पोचलास आणि वारा फार लागतो म्हणून स्वेटर मागवलास, असं गल्लीत प्रसिद्ध झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आपल्या भाचीची माहिती टाइप करून घ्यायला दुकानात आल्या, आणि टाइप झाल्यावर तो कागद मलाच देऊन गेल्या. मुलगी चांगली दिसते. तिला वाऱ्याचा त्रास नाही ना, एवढं मी विचारून घेतलं. इकडे तू गेल्यापासून आपल्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकून बसलीय, आणि लोक जिना चढताना धापा टाकत म्हणतात, बघा, बावन्न मजले सांभाळतो आणि आपले चार टांगून ठेवलेत.

हसायचं तेवढं हसून घे, कारण पुढचा परिच्छेद मला हसत लिहिता येत नाही. तिथे राहून यायची ही तुझी तिसरी खेप. मागच्या दोन्ही वेळा महिना पुरा करून आलास, चेहऱ्यावर तेज, नखं कापलेली. पहिल्या वेळी घरात सोळा दिवस न पिता टिकलास, दुसऱ्या वेळी अकरा. आणि मग ती दुपार, पलीकडच्या इमारतीत तू लिफ्टच्या खड्ड्यात पडलेला सापडलास आणि वर लिफ्ट लोंबत होती. लोकांना आपण पाय घसरला असं सांगितलं. तेव्हापासून कुठेही लिफ्टचं दार वाजलं की मी हातातलं काम टाकून बघायला धावते. चौथी खेप करायला तू शिल्लक राहशील की नाही, ही मला भीती आहे. झालं, लिहिलं. आता परत गंमत.

गल्लीच्या टोकाचं बंद टेलिफोन एक्स्चेंज तुला आठवतं. मोठमोठ्या खोल्या, उंच खिडक्या, आत कबुतरांचं राज्य. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टर, ज्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यांनी नगरपालिकेकडे प्रस्ताव टाकला की ती जागा दीर्घ उपचारांच्या केंद्राला द्या. दारू सोडणारे आणि मनाच्या आजाराचे लोक तिथे सहा महिने, वर्षभर राहतील, काम शिकतील, घरचे चालत येऊन भेटतील. महिनाभरात शरीरातली दारू निघते, डोक्यातली निघायला वेळ लागतो, आणि त्या वेळात माणूस घरापासून नऊ तास लांब असून भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. बातमी पसरली आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या सोसायटीचे अध्यक्ष दुकानात हजर. पाच गिऱ्हाइकं उभी असताना मोठ्याने म्हणाले की ताई, विरोधाचा अर्ज तुम्हीच लिहा, तुमच्या घरात असलं काही नाही, तुम्ही मोकळ्या मनाने लिहाल.

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. मी काय केलं ते सांगते. मी कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहिलं. आणि घाबरलेला माणूस जरा जास्तच काम करतो, तशी मी जास्तच लिहीत सुटले. ‘परिसराच्या सुसंस्कृत शांततेस तडा’ हे माझंच. ‘कोवळ्या मनांवर विपरीत छाया’ हेही माझंच. अध्यक्ष वाचून इतके गहिवरले की त्यांनी ते वाक्य तिथेच दोनदा म्हणून दाखवलं. मला माझी इतकी लाज वाटली की मी झेरॉक्सचा टोनर बदलायच्या निमित्ताने मशीनच्या मागे जाऊन बसले. (टोनर नवा होता.)

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना बाजूने अर्ज हवा होता. तोही मी लिहिला. माझ्या मनाचं समाधान असं की दोन्ही पारड्यांत सारखं वजन टाकलं म्हणजे मी कुठेच नाही. पण दुसरा अर्ज लिहिताना कीबोर्डवर बोटं अशी चालली की मी मधे थांबलेच नाही. त्यात खड्डा आला, अकरा दिवस आले, नऊ तासांची बस आली, फक्त तू आला नाहीस. डॉक्टरीणबाईंनी वाचलं, चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि काहीच विचारलं नाही. त्या बाईंच्या न विचारण्याने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता आपल्या लोकांची सह्या गोळा करायची पद्धत. अर्ज कोणी वाचत नाही. रेघा मारलेले कोरे कागद फिरतात, अनुक्रमांक, नाव, घर, सही. दाराशी कागद आला की आपण विचारतो, कुठे करू? कशाला करू असं कोणी विचारत नाही. असे अध्यक्षांचे सहा कागद भरले, एकशे त्रेचाळीस सह्या. डॉक्टरीणबाईंचा एकच कागद, त्यावर नऊ. पाच दवाखान्यातल्या, एक स्वतः बाईंची, दोन कोणाच्या ते वाचता येत नव्हत्या, आणि एक घड्याळवाल्यांची. घड्याळवाले म्हणजे माझ्या शेजारच्या दुकानातले, डोळ्याला भिंग लावून बसतात ते. त्यांची बायको आठ महिने तुझ्यासारखीच नऊ तासांवर आहे, तिला आवाज ऐकू येतात. ते दर रविवारी पहाटेची बस धरतात, एक तास भेटतात आणि परत येतात. त्यांनी ट्रेनिंगबिनिंग काही सांगितलं नाही, खरं सांगितलं, आणि म्हणून त्यांच्याकडे घड्याळं येणं निम्म्यावर आलंय. मी खोटं सांगितलं आणि माझ्याकडे भाचीचा कागद आला. बघ.

दोन्ही अर्ज समोरच्या नगरपालिकेच्या आवक खिडकीवर मीच नेऊन द्यायचे होते, ते माझं नेहमीचंच. गठ्ठे टेबलावर होते. स्टेपलर हातात होता. इतक्यात आई डबा घेऊन आली आणि दुकानाच्या दारातून, रस्त्यापलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं की धाकट्याला स्वेटर पाठवला का. खरोखरचा स्वेटर, तिने विणलेला. बावन्नाव्या मजल्यासाठी. मी हो हो करत तिला आत ओढलं, दुसऱ्या हाताने पिना मारल्या, आणि दोन्ही अर्ज खिडकीवर सरकवले. शिक्का पहिल्याच पानावर मारतात, पोच म्हणून तेवढ्याच पानाची प्रत परत मिळते, त्यामुळे मागे काय लागलंय ते कोणी पाहिलं नाही. मी तर मुळीच नाही.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं. अध्यक्ष पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा. समोर नगरपालिकेत नवीन बदली होऊन आलेले साहेब, अगदी मऊ आवाजाचे. त्यांनी एक अर्ज उचलला, चाळला, आणि म्हणाले की इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी पाहिलं नाही. एका गल्लीतले एकशे त्रेचाळीस नागरिक उपचार केंद्र आमच्या दाराशी आणा म्हणून मागणी करतात, याला मोठं मन लागतं. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या अर्जातला माझा मजकूर वाचायला घेतला, खड्ड्यासकट. मी खुर्चीत खाली सरकले. अध्यक्षांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. साहेब खाली उतरले आणि अध्यक्षांचा हात हातात घेऊन म्हणाले की तुमच्यासारखे लोक आहेत म्हणून. अध्यक्ष म्हणाले, म्हणजे, हो, आमची गल्ली तशी पहिल्यापासूनच. सभागृहात टाळ्या पडल्या. ज्यांच्या सह्या होत्या तेच वाजवत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तर डोळे पुसत होत्या, आणि मी शपथेवर सांगते, त्या क्षणी त्यांना आपण सही कशावर केली होती ते आठवत नव्हतं.

आता तू म्हणशील की ताई, गप्प बसायचं होतंस. मीही तेच ठरवलं होतं. पिनेने परस्पर काम केलंय, आपण कशाला तोंड उघडा? केंद्र होईल, तू चालत्या अंतरावर येशील, ट्रेनिंग संपलं म्हणून सांगू. माझा सगळा हिशेब जमला होता. पण साहेबांनी दुसरा अर्ज उचलला. ‘सुसंस्कृत शांततेस तडा’ वाचताना त्यांचा मऊ आवाज गेला. नऊ सह्यांपैकी गल्लीतलं जे एकच नाव वाचता येत होतं ते त्यांनी पुकारलं आणि घड्याळवाले उभे राहिले. साहेबांनी त्यांना विचारलं की दुसऱ्याच्या दुःखाची इतकी शिसारी येते का तुम्हाला, उद्या तुमच्या घरात कोणी आजारी पडलं तर? घड्याळवाल्यांनी भिंगाची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. कोणी तरी मागून म्हणालं, लाज वाटली पाहिजे.

मग मात्र मला बसवेना. उठले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, त्यामुळे अर्जासारखंच सुरू झालं, महोदय, वरील विषयास अनुसरून. लोक हसले. मी सांगितलं की दोन्ही अर्ज मीच लिहिलेत, पिना मी मारल्यात, आणि उलट मारल्यात. ज्या माणसाला तुम्ही उभं केलंय तो गेले आठ महिने दर रविवारी अठरा तास बसमध्ये बसतो. आणि जो खड्डा तुम्ही आत्ता वाचलात त्यात माझा भाऊ पडला होता, तो ट्रेनिंगला नाही, दारू सोडायला गेलाय, तिसऱ्यांदा. मग तोंड उघडलंच आहे तर म्हणून हेही सांगितलं की माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त केली की दोन दिवस ती रिकामी वर-खाली फिरवून बघतो, मगच आत माणसं घालू देतो. आणि माणूस दुरुस्त केला की आपण त्याला महिन्याभरात थेट गल्लीत सोडतो आणि वर म्हणतो, परत बिघडला. हे बोलताना मी रडत होते. डॉक्टरीणबाईंनी रुमाल दिला, तो मी अजून परत केलेला नाही.

तुझं गुपित मी फोडलं, भरसभेत, तुला न विचारता. रागव. पण त्यानंतरचं ऐकून मग रागव. आई दुसऱ्या रांगेत होती, कानयंत्र अर्थात कपाटात. तिने शेजारच्या बाईंना विचारलं की ही एवढी का रडतेय. त्या बाईंनी तिच्या कानात ओरडून सांगितलं, तुमचा मुलगा दारू सोडायला गेलाय असं म्हणते. सगळं सभागृह वळलं. आई शांतपणे म्हणाली की ते मला माहीत आहे, मी त्याची आई आहे, दुसरं काही म्हणाली का ते सांगा. आणि गंमत म्हणजे निम्म्या गल्लीलाही ते माहीतच होतं. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून बिचारे मजले विचारत होते. खरे फसले ते एकटे अध्यक्ष.

साहेब चिडले. घड्याळवाल्यांची माफी मागितली, मला कागदपत्रं नीट हाताळण्याबद्दल ताकीद दिली (लेखी, आणि ती टाइप करायला माझ्याच दुकानात पाठवली), आणि फर्मान काढलं की पंधरा दिवसांत ज्याला सही करायची त्याने कारकुनासमोर, अर्ज वाचून, त्याच पानावर करावी. ते पंधरा दिवस माझ्या दुकानात जे झालं ते मी कोणाला सांगितलं नसतं, तुला सांगते. लोक झेरॉक्सला येऊ लागले. एकेकटे, दुकान रिकामं बघून. प्रत्येकाच्या हातात विजेचं बिल. एवढी विजेची बिलं झेरॉक्स करून कोणाला काय करायचंय? कागद मशीनवर ठेवायचा आणि मशीन चालू असताना, माझ्याकडे न बघता, बोलायचं. कोणाचा काका, कोणाची मुलगी तीन वर्षं खोलीबाहेर आलेली नाही, कोणाचा नवरा सकाळी चहाच्या कपातूनच सुरू करतो. प्रती निघाल्या की गप्प, आणि चालू पडायचं. दोघेतिघे बिल विसरूनच गेले. मी दुकानात दुसरी खुर्ची आणून ठेवली.

सोळाव्या दिवशी मोजदाद झाली. बाजूने चौसष्ट, विरोधात सदतीस, उरलेले अचानक बाहेरगावी. अध्यक्षांनी विरोधातच सही केली, पण सुसंस्कृत शांतता वगळून, फक्त आमच्या बाजूची खिडकी उघडी ठेवू नये एवढ्याच कारणाने. त्यांच्या बायकोने बाजूने केली आणि येताना विजेचं बिल आणलं होतं, त्यावर मी जास्त लिहीत नाही. बारा खाटा मंजूर झाल्या, आधी एक वर्ष चालवून बघायचं, उघडायला चार महिने. साहेबांचे चार म्हणजे आपण पाच धरू. घड्याळवाले परवापासून संध्याकाळी तिथे जाऊन कबुतरं हाकलतात. त्यांच्या बायकोला कुठली खिडकी आवडेल ते बघायला म्हणून आधी गेले होते, आणि आता रोजच जातात.

भाचीचा कागद काकूंनी परत नेला नाही. त्या म्हणाल्या, राहू दे, घाई नाही.

तर असा सगळा वृत्तांत. नीट जेव, पाणी पी, समुपदेशकांशी वाद घालू नकोस. आईचे आणि माझे आशीर्वाद,

तुझीच
ताई

ता. क. स्वेटर सोबत पाठवलाय. मजला कुठलाही असो, घाल.

ता. क. दुसरा. हे पत्र ज्यासाठी लिहायला बसले ते इतक्या पानांत आलंच नाही. वीस तारखेला तुझा महिना पुरा होतोय. दोन्ही वेळा मी तुला न्यायला आले होते. या वेळी येणार नाही. डॉक्टरीणबाई तुमच्या तिथल्या डॉक्टरांशी बोलल्या आहेत, आपलं केंद्र उघडेपर्यंत तुला तिथेच राहता येईल, मग तिथून सरळ इथे. त्याचा अर्ज सोबत जोडलाय. बाकी सगळं मी भरलंय, सही तुझी. शेवटपर्यंत वाच आणि मगच कर, आणि पटलं नाही तर करू नकोस, मी वीस तारखेला बसने येईन. पण घरी ये असं म्हणायला माझी जीभ नुसती शिवशिवत असताना मी तुला येऊ नकोस असं लिहितेय, एवढं लक्षात ठेव.

ता. क. तिसरा. आईला हे कसं सांगावं म्हणून दोन दिवस तिला टाळत होते. आज शेवटी कागदावर लिहून तिच्यापुढे धरलं की तो आणखी चार-पाच महिने घरी आला नाही तर तुला चालेल का. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, मागच्या दोन्ही वेळा तरी तो कुठे आला होता? या वेळी येऊ दे त्याला, सावकाश.